अर्थशास्त्राच्या नव्या प्राध्यापकांना काय शिकवावे

शाळेत शिकवायचे असेल तर डी.एड. किंवा बी.एड. व्हावे लागते. पाठाचे टाचण, सराव पाठ, मागच्या बाकावर बसून पाठ पाहणारे आणि नंतर बाजूला घेऊन चार गोष्टी सांगणारे मार्गदर्शक शिक्षक, हे सारे त्या अभ्यासक्रमात असते. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला येणाऱ्या तरुण प्राध्यापकाच्या वाट्याला यांतले जवळजवळ काहीच येत नाही. एम.ए. झाल्यावर तो नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होतो. नेटच्या तीन तासांच्या परीक्षेत दीडशे बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांपैकी शंभर विषयाचे. उरलेल्या पन्नासांत अध्यापन अभियोग्यतेचे मोजके प्रश्न येतात. या परीक्षेने त्याचा विषयाचा आवाका कळतो आणि तो कळणे आवश्यकही आहे. परंतु नेमणुकीनंतरच्या पहिल्याच सोमवारी त्याला प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गासमोर उभे राहून मागणीचा नियम शिकवायचा असतो, आणि तो नियम न समजलेला विद्यार्थी नेमका कुठे अडकतो हे त्याला तोवर कोणीही दाखवलेले नसते.

गेली अनेक वर्षे मी नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गांत अर्थशास्त्राची सत्रे घेत आले आहे. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे: अर्थशास्त्र शिकवण्याचे प्रशिक्षण अर्थशास्त्राच्या आत शिरूनच द्यावे लागते. विषय बाजूला ठेवून दिलेले अध्यापनाचे सर्वसाधारण धडे नव्या प्राध्यापकाला फारसे पुढे नेत नाहीत.

आपल्याकडची व्यवस्था कशी उभी राहिली हे थोडक्यात पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांमध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ हा महिनाभराचा प्रवेशप्रशिक्षण कार्यक्रम आहे. उच्च शिक्षणाची रचना, अभ्यासक्रमाची आखणी, मूल्यमापन, तंत्रज्ञानाचा वापर, संशोधनाची नीती असे विषय त्यात येतात. ते उपयोगाचे आहेत, यात शंका नाही. मात्र त्या एकाच सभागृहात रसायनशास्त्राचा, मराठीचा, वाणिज्याचा आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे वक्त्याला चौघांनाही लागू पडेल तेवढेच बोलता येते. विषयवार उजळणी वर्ग, म्हणजे आपण ज्याला रिफ्रेशर म्हणतो, ते वेगळे असतात. पण मी पाहिलेल्या बहुतेक रिफ्रेशरमध्ये तज्ज्ञ येऊन अर्थशास्त्रात नवे काय चालले आहे ते सांगतात. एका ठिकाणी विषयाविना अध्यापन आणि दुसऱ्या ठिकाणी अध्यापनाविना विषय, अशी ही विभागणी आहे. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते हे, कसे शिकवावे, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या जागेत राहून जातो.

ब्रिटनमध्ये ही मधली जागा भरण्याचा प्रयत्न झाला आहे. ब्रिस्टल विद्यापीठातून चालणारे इकॉनॉमिक्स नेटवर्क खास अर्थशास्त्राच्या नव्या व्याख्यात्यांसाठी आणि वर्ग घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेत आले आहे. तिथले वर्ग, तिथली विद्यार्थिसंख्या आणि तिथली साधने आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तरीही एका विषयाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून त्याच विषयाच्या अध्यापनाचा विचार करावा, ही मूळ कल्पना आपल्याकडे सहज रुजण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष सत्रात मी काय करते ते सांगते. पहिल्या सत्रात व्याख्यान नसते. मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते. आज संध्याकाळी एका नाट्यप्रयोगाचा तुम्हाला फुकट पास मिळाला आहे; तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. त्याच वेळी गावात एका गायिकेची मैफल आहे आणि नाटकाला गेला नाहीत तर तुम्ही तिथेच जाल. मैफलीचे तिकीट ४०० रुपये आहे. एरवी कोणत्याही दिवशी त्या मैफलीसाठी तुम्ही जास्तीत जास्त ५०० रुपये मोजायला तयार असता. बाकी कोणताही खर्च नाही. तर नाटक पाहण्याचा संधी खर्च, म्हणजे नाटकासाठी सोडून दिलेल्या पर्यायाचे मूल्य, किती? शून्य, १००, ४०० की ५०० रुपये?

हा प्रश्न माझा नाही, त्याचे फक्त रूपांतर माझे आहे. २००५ साली अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांच्या वार्षिक संमेलनात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी तिथे आलेल्या १९९ जणांना जवळजवळ असाच प्रश्न डॉलरमध्ये विचारला होता. त्यांना अपेक्षित असलेले उत्तर, म्हणजे आपल्या उदाहरणातले १०० रुपये, केवळ २१.६ टक्के लोकांनी दिले. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवले तरी सरासरी २५ टक्के उत्तरे बरोबर यायला हवीत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतला. संधी खर्चाची व्याख्याच पुरेशी काटेकोर नाही, त्यामुळे इतर उत्तरांचेही समर्थन करता येते, असे त्यांचे म्हणणे होते. मी हा आक्षेपही सत्रात सांगते, कारण तो प्रशिक्षणाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. ज्या संकल्पनेने आपले प्रत्येक पाठ्यपुस्तक सुरू होते ती इतकी निसरडी असेल, तर ती एका व्याख्येत आणि एका उदाहरणात उरकणे योग्य नव्हे, हे नव्या प्राध्यापकाला इथे स्वतःच्या अनुभवाने पटते.

प्रशिक्षणार्थी बोटांनी उत्तर दाखवतात: पहिल्या पर्यायासाठी एक बोट, दुसऱ्यासाठी दोन. मग मी त्यांना शेजाऱ्याशी तीन-चार मिनिटे वाद घालायला सांगते आणि पुन्हा मत घेते. ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात आपल्या वर्गांसाठी विकसित केली. तिला यंत्र लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि शंभर मुलांच्या वर्गातही ती चालते. महत्त्वाचे आहे ते यानंतरचे काम. १०० हे उत्तर का, हे सांगायला दोन वाक्ये पुरतात: मैफल सोडल्याने ५०० रुपयांचा आनंद गेला, पण ४०० रुपये खिशात राहिले, म्हणून खरोखर गमावले ते १०० रुपये. खरा वेळ द्यायला हवा तो चुकीच्या उत्तरांना. शून्य म्हणणाऱ्याच्या मनात खर्च म्हणजे खिशातून गेलेला पैसा, एवढेच असते. ४०० म्हणणारा तिकिटाच्या छापील किमतीला सोडलेल्या पर्यायाचे मूल्य समजतो. ५०० म्हणणारा त्या दोघांच्या पुढे आलेला असतो, फक्त वाचलेले पैसे वजा करायचे राहून गेलेले असतात. हे तीन विद्यार्थी तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत आणि तिघांना एकच स्पष्टीकरण पुन्हा ऐकवून काही साधत नाही. नवा प्राध्यापक जेव्हा प्रत्येक चुकीच्या उत्तरामागचा विचार सांगू शकतो, तेव्हा त्या प्रश्नापुरता तो शिक्षक झालेला असतो. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ म्हणून मी प्रत्येकाला आपापल्या पेपरमधली एक संकल्पना घेऊन असा एक प्रश्न आणि त्याची तीन विचारपूर्वक निवडलेली चुकीची उत्तरे लिहायला सांगते. बरोबर उत्तर लिहिणे सर्वांना जमते. चांगली चुकीची उत्तरे लिहायला मात्र विद्यार्थी मनात आणावा लागतो, आणि अनेकांना संपूर्ण संध्याकाळ लागते.

यानंतर आम्ही आकृतीकडे वळतो. कला शाखेतल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटलेला असतो, आणि अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांच्यासमोर दोन अक्ष येतात. त्यात आणखी एक अडचण आहे. गणितात ज्या राशीमुळे बदल घडतो ती आडव्या अक्षावर आणि जिच्यात बदल घडतो ती उभ्या अक्षावर घेतात. मागणीच्या नियमात आपण किमतीमुळे नगसंख्या बदलते असे म्हणतो आणि तरी किंमत उभ्या अक्षावर मांडतो. १८९० च्या सुमारास आल्फ्रेड मार्शल यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही चालत आली आहे. दहावीचे गणित ज्याला नीट आठवते तोच विद्यार्थी इथे गोंधळतो, म्हणजे गोंधळणारा विद्यार्थी कच्चाच असतो असे नाही, आणि हे प्राध्यापकाने जाणून घ्यायला हवे. ही एक जुनी रीत आहे, तिच्यामागे मोठा तर्क शोधू नका, असे वर्गात सरळ सांगितले की विद्यार्थ्यांच्या मनावरचा भार हलका होतो.

प्रशिक्षणार्थ्यांना मी फळ्यापाशी बोलावते आणि मागणी वक्र काढायला सांगते. बहुतेक जण एका झटक्यात डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा ओढतात, त्यावर इंग्रजी अक्षरे लिहितात आणि मग बोलू लागतात. मी त्यांना उलट क्रमाने जायला लावते: आधी अक्षांची पूर्ण नावे आणि एकके, मग पाच ओळींचे कोष्टक, मग कोष्टकातला एकेक बिंदू, आणि सर्वांत शेवटी रेषा. प्रत्येक बिंदू ठेवताना त्याचा अर्थ पूर्ण वाक्यात बोलायचा: भाव वीस रुपये असताना या कुटुंबाने आठवड्याला दोन किलो घेतले. विद्यार्थ्यांनी तोच आलेख स्वतःच्या वहीत आलेख कागदावर काढायचा. वेळ जातो, हे खरे आहे. पण पुढे वक्र सरकवण्याची वेळ येते तेव्हा तो वेळ परत मिळतो.

कारण खरी कसोटी तिथे आहे. ‘मागणीतील विचलन’ (किमतीमुळे त्याच वक्रावर होणारी हालचाल) आणि ‘मागणीतील बदल’ (इतर कारणांमुळे वक्रच सरकणे) यांतला फरक विद्यार्थी बारावीपासून दोन रकान्यांत पाठ करून आलेला असतो. तरीही त्याला विचारावे, की भाव वाढला तर काय होईल, तर तो म्हणतो, मागणी कमी होईल. आणि मागणी कमी झाली तर काय होईल, तर भाव उतरेल. मग भाव वाढला की उतरला? या गोल फिरणाऱ्या उत्तरातून बाहेर पडण्याची वाट रकान्यांत नसते. वक्रावरून चालणे आणि वक्रच उचलून दुसरीकडे ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्याला स्वतःच्या हाताने करून पाहावे लागते. मी नव्या प्राध्यापकांना एक प्रश्न देते. कांद्याचा भाव पडला आणि त्याच आठवड्यात विकला गेलेला एकूण मालही घटला. ‘आवक वाढली म्हणून भाव पडला’ हे स्पष्टीकरण इथे का पुरत नाही? केवळ पुरवठा वाढला असता तर भाव उतरताना विक्री वाढली असती. भाव आणि विक्री दोन्ही उतरले, त्या अर्थी मागणीचा वक्र डावीकडे सरकला असला पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी ग्राहकाची मागणी एका अधिसूचनेने बाजूला झाली. नाशिक, अहिल्यानगर किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर ज्यांच्या घरी कांदा होता ती मुले पाठ्यपुस्तकाची वाट पाहत नाहीत.

कांद्यावर आलेच आहे, तर ज्या सत्राला मी सर्वांत जास्त वेळ देते त्याबद्दल सविस्तर सांगते. ते सत्र म्हणजे वर्गातला बाजार. याचा इतिहास प्रत्येक नव्या प्राध्यापकाला माहीत असावा असा आहे. हार्वर्डचे एडवर्ड चेंबरलिन आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना विक्रेत्याची आणि काहींना ग्राहकाची चिठ्ठी देत. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याची किमान किंमत, ग्राहकाच्या चिठ्ठीवर त्याची कमाल किंमत. मुले खोलीत फिरून एकमेकांशी सौदे करीत. सिद्धांत सांगतो त्या समतोल किमतीला, म्हणजे जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात त्या किमतीला, सौदे होत नाहीत, असा निष्कर्ष चेंबरलिन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. त्या प्रयोगात भाग घेतलेला एक विद्यार्थी म्हणजे व्हर्नन स्मिथ. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवायला लागल्यावर १९५६ पासून स्मिथ यांनी तोच प्रयोग दोन फरक करून घ्यायला सुरुवात केली: बोली सर्वांना ऐकू जाईल अशी उघड लावायची आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. सौदे झपाट्याने समतोल किमतीजवळ येऊ लागले. १९६२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २००२ साली स्मिथ यांना डॅनियल कानेमन यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रायोगिक अर्थशास्त्राच्या एका मोठ्या शाखेची सुरुवात अशी पदवीच्या वर्गात, चिठ्ठ्यांवर झाली, ही गोष्ट मला फार प्रेरक वाटते.

आमचा बाजार असा असतो. आठ विक्रेते आणि आठ ग्राहक, प्रत्येकाकडे एका क्विंटलचा व्यवहार. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर ८०० पासून २२०० पर्यंत दोनशे-दोनशेच्या अंतराने आकडे, ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवरही तेच आकडे. कोणीही आपला आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही. वर्ग मोठा असेल तर एकेका चिठ्ठीमागे एकेक गट ठेवायचा. सौदा ठरला की दोघांनी पुढे येऊन किंमत सांगायची आणि ती फळ्यावर लिहायची. पहिल्या फेरीत किमती विखुरलेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत त्या १४०० ते १६०० च्या पट्ट्यात येऊ लागतात आणि सौद्यांची संख्या चारच्या आसपास राहते. मग सर्व चिठ्ठ्या उघड करून, उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून, पुरवठा आणि मागणी यांचे वक्र काढायचे. ज्या किमतीकडे बाजार आपोआप गेला तिथेच दोन्ही वक्र छेदतात, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजार, नंतर आकृती. आधी आकृती शिकवून मग बाजार भरवला, तर मुले प्राध्यापकाला हवे ते उत्तर देण्याचा प्रयत्न करू लागतात.

पुढच्या फेरीत मी जाहीर करते की १८०० च्या खाली सौदा करता येणार नाही. आता सहा विक्रेते विकायला तयार असतात आणि तीनच ग्राहक उरतात. तीन विक्रेते माल घेऊन बसून राहतात. एका सत्रात, शेतकरी घरातून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने विचारले होते, “मॅडम, हमीभाव जाहीर केला आणि खरेदी केंद्र उघडलेच नाही, तर हेच होते ना?” किमतीचा तळ नुसता जाहीर करणे आणि त्या किमतीला सरकारने खरेदी करणे यांतला फरक यापेक्षा चांगल्या रीतीने मलाही मांडता आला नसता.

पण याच प्रयोगात एक खाचखळगा आहे, आणि प्रशिक्षणात त्याची चर्चा झाली नाही तर नवा प्राध्यापक वर्गात अडचणीत येतो. विक्रेत्याच्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे उत्पादन खर्च, असे पुस्तकी पद्धतीने सांगितले, की कोणीतरी उठून म्हणतो, की लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेला शेतकरी खर्चाच्या निम्म्यानेही माल देऊन येतो. त्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर असते. माल निघालेला आहे, त्यावरचा खर्च होऊन गेलेला आहे. माल परत न्यायचा तर वाहतूक पुन्हा अंगावर. त्या क्षणी शेतकऱ्याची किमान किंमत ठरते ती न विकल्यास काय हाती राहील यावरून. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून त्याचा मालक थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, म्हणून त्याच्या मालकाला थांबता येत नाही. शिवाय बाजार समितीच्या लिलावात बोली व्यापारी लावतात, शेतकरी लावत नाही. वर्गातल्या बाजारात मात्र दोन्ही बाजू बोलतात. ज्याने ही तयारी केली आहे तो प्राध्यापक त्या आक्षेपाचे स्वागत करतो आणि तिथूनच बुडीत खर्च, अल्पकाळ व दीर्घकाळ, साठवणुकीचे मूल्य आणि बाजाराची रचना या चार प्रकरणांकडे जातो. तयारी नसली की ‘इतर परिस्थिती कायम राहता’ असे म्हणून तो विषय बंद करतो आणि वर्गातल्या सर्वांत जाणत्या मुलाला कायमचा गमावतो.

समग्रलक्षी अर्थशास्त्राचे अध्यापन याहून कठीण आहे, कारण संपूर्ण अर्थव्यवस्था वर्गात भरवता येत नाही. तिथे मी आकडेवारीचा आधार घ्यायला सांगते. चलनवाढ शिकवताना २०१२ हे पायाभूत वर्ष असलेला ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा. त्यात खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भार, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, देशपातळीवर ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा महिन्याचा खर्च लिहून त्यातला खाण्यापिण्याचा वाटा काढावा आणि तो या आकड्यांशी ताडून पाहावा. भाज्या आणि डाळी महागल्या की गडचिरोलीच्या घराची आणि ठाण्याच्या घराची चलनवाढ एकच का नसते, हे मग सांगावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेला दिलेले चलनवाढीचे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा २ टक्क्यांचा पट्टा हा भाग यानंतर शिकवला तर त्याला अर्थ येतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, वाढवून टोमॅटो स्वस्त होतो का, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि तो विचारला जाणे हेच त्या तासाचे यश असते. घरखर्च लिहून आणायला सांगताना मात्र तो वर्गात वाचून दाखवायला लावू नये. गरिबी उघडी पडण्याची भीती असलेला मुलगा त्या दिवशी वर्गात येणार नाही.

व्याख्यान अजिबात देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. चांगले व्याख्यान ही आपल्याकडची मोठी परंपरा आहे. पण अमेरिकेत मायकेल वॉट्स आणि विल्यम बेकर यांनी १९९५ पासून दर पाच वर्षांनी केलेल्या पाहण्यांतही अर्थशास्त्राच्या पदवी वर्गांत खडू-फळा आणि व्याख्यान यांचेच प्राबल्य दिसत राहिले, यावरून ही सवय किती खोल आहे ते कळते. आपण जसे शिकलो तसे शिकवतो. ते बदलायचे असेल तर प्रशिक्षणार्थ्याला नव्या पद्धतीबद्दल ऐकवून भागत नाही, त्याला त्या पद्धतीने काही तास विद्यार्थी म्हणून बसावे लागते. म्हणूनच माझ्या सत्रांत स्लाइड नसतात.

राहिला तो प्रत्यक्ष वर्गावरच्या निरीक्षणाचा प्रश्न, आणि तो माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. बी.एड.च्या विद्यार्थ्याचा पाठ कोणीतरी पाहतो. प्राध्यापकाचा तास आयुष्यभर कोणी पाहत नाही. कित्येक महाविद्यालयांत अर्थशास्त्राचा एकच प्राध्यापक असतो, त्यामुळे ज्याला विचारावे असा सहकारीही शेजारी नसतो. यावर एक साधा उपाय शक्य आहे. एकाच तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी शैक्षणिक सत्रातून एकदा-दोनदा एकमेकांच्या तासाला बसावे. निरीक्षकाने प्राध्यापकाच्या आवाजावर किंवा अक्षरावर शेरे लिहू नयेत. त्याने मागच्या बाकांवरच्या तीन विद्यार्थ्यांच्या वह्या तासानंतर, त्यांच्या परवानगीने, पाहाव्यात. फळ्यावर जे होते आणि वहीत जे उतरले त्यांतले अंतर दोघांनी मिळून पाहिले, की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते. अक्षांची नावे राहून गेलेली असतात, वक्र उलटा सरकलेला असतो, ‘लवचिकता’ शब्दापुढे नुसते सूत्र असते. हा अहवाल प्राचार्यांकडे किंवा बढतीच्या फायलीत जाता कामा नये. तो गेला, की दुसऱ्या वर्षी सर्वांचे तास निर्दोष दिसू लागतील आणि कोणाचेच काही सुधारणार नाही.

आज पदवीचे कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. घेतलेल्या तासांचेच मानधन ज्याला मिळते त्याला महिनाभर प्रशिक्षणाला येऊन बसा असे सांगणे म्हणजे महिन्याच्या मिळकतीवर पाणी सोडा असे सांगणे आहे. तो येऊ शकत नाही आणि त्याचे विद्यार्थी त्याचा तोटा सोसतात. म्हणून मला लांबलचक कार्यक्रमापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी, शनिवारी दुपारी, तीन तासांची बैठक अधिक न्याय्य वाटते. एका बैठकीत एकच संकल्पना: जून-जुलैत संधी खर्च आणि मागणी, दिवाळीपूर्वी बाजार, जानेवारीत चलनवाढ. येण्याजाण्याचा खर्च आणि त्या तासांचे मानधन विद्यापीठाने द्यावे. ही रक्कम फार मोठी होणार नाही.

मराठी अर्थशास्त्र परिषद दरवर्षी अधिवेशन भरवते आणि ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक चालवते. अधिवेशनात शोधनिबंधांच्या सत्रांबरोबर अर्धा दिवस केवळ अध्यापनासाठी राखून ठेवावा, आणि त्रैमासिकात दर अंकात दोन पाने अशा प्रश्नांना द्यावीत, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. एक प्रश्न, त्याची तीन चुकीची उत्तरे, प्रत्येक चुकीमागचा विचार, आणि तो कोणत्या वर्गात विचारला गेला याची नोंद, एवढे पुरे. इंग्रजीत असे प्रश्नसंग्रह आहेत, पण त्यांतली उदाहरणे पिझ्झा आणि बेसबॉलची असतात. ऊस, दूध, सोयाबीन, एस.टी.चे भाडे, बचत गटाचे कर्ज आणि मोबाइलचे रिचार्ज यांच्यावरचे प्रश्न आपल्यालाच लिहावे लागतील. माझ्या सत्रांतून जमलेले असे प्रश्न मी या उन्हाळ्यात नीट लावून काढणार आहे. कोणत्याही महाविद्यालयातील प्राध्यापकाने, कायम असो वा तासिका तत्त्वावर, ते मागवावेत, आपल्या वर्गात वापरावेत आणि मुलांनी दिलेली नवी चुकीची उत्तरे मला कळवावीत.